शिवणीतली माया

वहीत तिचं नाव नाही.
नुसतं ‘बादजी’, आणि पुढे शाई फुटून पडलेला डाग.
झिगिंशोरमध्ये दगड भिरकावला
तर एखाद्या बादजीलाच लागायचा.
नगरपालिकेच्या भिंतीवर यादी चिकटवली तेव्हा
बोट ठेवत ठेवत मोजले: सव्वीस.
त्यांत बाया किती, पोरी किती,
आणि माझी कोणती?

माझी म्हणायचं तरी कशाच्या जोरावर.
दुकानात ती दोनदा आली.
एकदा माप द्यायला, एकदा घालून बघायला.

खांदा एकोणचाळीस. छाती चौऱ्याण्णव.
डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली,
म्हणजे वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओझं.
कसलं, ते मी विचारलं नाही.
गळ्याचा घेर घेताना हसली,
गुदगुल्या होतात म्हणाली.
हे वहीत लिहिलेलं नाही.

कापड निळं, त्यावर पिवळे विजेचे पंखे.
‘शिवणीत माया ठेवा, मास्तर,
दोन बोटं तरी.
पुढेमागे उसवून सैल करता येईल.’
पुढेमागे म्हणजे कधी, कशासाठी,
मी नुसतं बघितलं तिच्याकडे.
तिने कापडावरच्या पंख्यांकडे बघितलं.

दुसऱ्या खेपेला उजवी बाही
सेंटिमीटरभर लांब निघाली.
चूक माझी.
सणाची कामं होती, मशीनचा पट्टा घसरत होता,
सगळी कारणं आजही तोंडपाठ आहेत.
‘शुक्रवारी या,’ म्हणालो.
‘शुक्रवारी मी डाकारला. ताडतेलाचे डबे विकते,
परत आले की नेते.’
अर्धे पैसे ठेवले. पावती नको म्हणाली.

मापात पाप नको, असं आमच्या धंद्यात म्हणतात.
त्या जहाजाचंही कुणीतरी माप घेतलेलं होतं,
किती माणसं, किती पोती, किती डबे,
कुठेतरी कागदावर नीट मांडलेलं.
धक्क्यावर कुणी तो कागद उघडला नाही.
कासामान्सच्या मुखाबाहेर, रात्री, पावसात,
ते एका कुशीवर वळलं.

आठवड्याने मी रांगेत उभा राहिलो.
कारकुनाने मान वर न करता विचारलं,
‘नातं?’
‘शिंपी.’
त्याचं पेन थांबलं.
छापील तक्त्यात बाप होता, नवरा होता,
भाऊ, मुलगा, चुलता.
‘पुरावा काय?’
मी वही उघडून पुढे सरकवली.
तो वाचू लागला, मोठ्याने,
खांदा एकोणचाळीस,
छाती चौऱ्याण्णव,
कंबर अठ्ठ्याहत्तर,
आणि रांग हळूहळू गप्प झाली.
मागून एक म्हातारी म्हणाली,
‘माझ्या सिबेतचंही एवढंच होतं.’
तिच्या मागून आणखी कुणी, ‘आमच्या अतापूचंही.’
मी वही मिटून घेतली.
कारकुनाने माझ्यासाठी काहीच लिहिलं नाही,
पण पुढच्या माणसाला हाक मारायला
त्याला बराच वेळ लागला.

कधी वाटतं, बाही वेळेवर नीट केली असती
तर ती तोच झगा घालून गेली असती.
पंख्यांवरून कुणीतरी ओळखली असती तिला,
नावाने पुरली असती.
कधी वाटतं, बरं झालं,
निदान हा तरी कोरडा राहिला.
दोन्ही एकदम खरं कसं असेल?
रात्री मशीनवर झाकण घालताना
दोन्ही खरं असतं.

माझा हाताखालचा लान्सिना म्हणतो, विकून टाका.
गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक हटूनच बसलं,
दुप्पट देते म्हणाली.
मी म्हणालो, दुसऱ्याचा आहे, नेणार आहेत.

दरवर्षी त्या दिवशी
शटर अर्धं ओढून पेटी उघडतो.
कडुनिंबाचा जुना पाला झटकून नवा घालतो.
झगा टेबलावर पसरून टेप लावतो,
खांदा एकोणचाळीस. आहे.
दोन बोटं माया दोन्ही अंगांना
इस्त्रीने दाबलेली, तशीच आत.
उजव्या बाहीवरची खडूची खूण
वर्षभरात पुसट होते.
मी खडूला धार करून
ती पुन्हा ओढतो,
सेंटिमीटरभर आत.
कात्री हाताशीच असते.